शत्रू गेला, निवडणूक गेली

विरोधी पक्षनेत्याने सगळ्यात जास्त भीती कुणाची बाळगावी? सत्ताधाऱ्यांची? पत्रकारांची? पक्षातल्या नाराजांची? छे. ज्याच्या नावाने दोन वर्षं बोटं मोडली, तो एके दिवशी खुर्ची सोडून घरी जाईल, याची.

कॅनडात २०२५ साली हेच घडलं.

६ जानेवारीला पंतप्रधान जस्टिन ट्रुडो ओटावात आपल्या निवासस्थानाबाहेर उभे राहिले आणि पायउतार होत असल्याचं सांगून मोकळे झाले. तीनच आठवड्यांपूर्वी त्यांच्या अर्थमंत्री क्रिस्टिया फ्रीलँड यांनी राजीनामा दिला होता, तोही संसदेत आर्थिक निवेदन मांडायचं त्याच दिवशी. त्यांच्याच लिबरल पक्षाचे खासदार उघड बोलू लागले होते. जनमत चाचण्यांत कॉन्झर्व्हेटिव्ह पक्ष २० टक्क्यांहून जास्त पुढे होता. त्याचे नेते पिएर पॉलिएव्ह पंतप्रधान होणार हे सगळे धरूनच चालले होते. वाद फक्त जागा किती मिळतील याचा होता.

२८ एप्रिलच्या मतदानानंतर पॉलिएव्ह पंतप्रधान झाले नाहीत. खासदारही राहिले नाहीत.

ओटावाच्या वेशीवरचा कार्लटन हा त्यांचा गड. २००४ पासून ते त्या भागातून निवडून येत होते. तिथे लिबरल पक्षाच्या नवख्या उमेदवाराने त्यांना साडेचार हजार मतांनी पाडलं. मतपत्रिकेवर ९१ नावं होती. निवडणूक पद्धतीचा निषेध म्हणून एका गटाने उमेदवारांची रांग लावली होती. मतपत्रिका जवळजवळ मीटरभर लांब झाली. एवढ्या गर्दीतही मतदारांनी ज्याला पाडायचं त्याला शोधून पाडलं.

हे झालं कसं?

पॉलिएव्ह यांच्याकडे चार घोषणा होत्या. कर हटवा, घरं बांधा, अर्थसंकल्प सावरा, गुन्हे थांबवा. सुटसुटीत, टाळ्या घेणाऱ्या, टीशर्टवर छापायला सोप्या. पहिली घोषणा होती कार्बन कराविरुद्ध. ही निवडणूक कार्बन करावरच झाली पाहिजे, अशी मागणी ते वर्षभर करत होते. ट्रुडो आणि कार्बन कर, बस. दोन वर्षांचं राजकारण या दोन खुंट्यांवर टांगलेलं.

एक खुंटी ट्रुडोंनी जानेवारीत काढून नेली.

दुसरी मार्क कार्नींनी मार्चमध्ये उपटली. ९ मार्चला ते ८५ टक्क्यांहून जास्त मतांनी लिबरल पक्षाचे नेते झाले, १४ मार्चला पंतप्रधानपदाची शपथ घेतली आणि त्याच दिवशी सामान्य ग्राहकावरचा कार्बन कर शून्यावर आणण्याचा निर्णय जाहीर केला. १ एप्रिलपासून कर बंद. ज्या मुद्द्यावर निवडणूक मागितली, तो मुद्दा निवडणूक जाहीर होण्याआधीच संपला. पॉलिएव्ह तरीही कराविरुद्ध बोलत राहिले. आता उद्योगांवरचा कार्बन करही काढा, म्हणाले. ऐकणार कोण?

लोक तोवर दुसऱ्याच माणसाचं ऐकत होते.

वॉशिंग्टनमध्ये डोनाल्ड ट्रम्प कॅनडाला ५१ वं राज्य म्हणत होते, ट्रुडोंना गव्हर्नर म्हणून हिणवत होते. ४ मार्चला २५ टक्के आयातशुल्क लागू झालं. मग पोलाद आणि ॲल्युमिनियमवर, एप्रिलच्या सुरुवातीला मोटारींवर. ज्या देशाची सुमारे तीन चतुर्थांश निर्यात एकाच शेजाऱ्याकडे जाते, त्या देशात ही थट्टा म्हणून कोण घेणार? हॉकीच्या मैदानात अमेरिकेच्या राष्ट्रगीताची हुर्यो उडू लागली. ओंटारियोच्या सरकारी दारूदुकानांतून अमेरिकी बाटल्या उतरवल्या गेल्या. दुकानांत लोक डबे उलटे करून कुठे बनलंय ते वाचू लागले.

आणि पॉलिएव्ह? ते सूर बदलायला लागले, पण उशिरा आणि अर्धवट. फेब्रुवारीत ‘कॅनडा आधी’ अशी नवी घोषणा आली. अहो, ‘अमेरिका आधी’ म्हणणाऱ्याने देश गिळायची भाषा केली असताना त्याच्याच घोषणेला देशाचं नाव चिकटवायचं? एवढं साधं भान प्रचारप्रमुखांना नसावं?

भान देणारे होते. तेही घरातलेच. ओंटारियोचे कॉन्झर्व्हेटिव्ह मुख्यमंत्री डग फोर्ड फेब्रुवारीत ट्रम्पविरोधाच्याच जोरावर दणदणीत बहुमताने निवडून आले होते. त्यांचे प्रचारप्रमुख कोरी टेनाइक यांनी भर प्रचारात जाहीर सांगितलं, की एवढी मोठी आघाडी घालवणं हा प्रचारातला अक्षम्य निष्काळजीपणा आहे. आल्बर्टाच्या मुख्यमंत्री डॅनिएल स्मिथ यांनी तर आणखी कमाल केली. अमेरिकेतल्या एका उजव्या माध्यमाला त्यांनी सांगितलं, की आयातशुल्काचा लिबरलांना फायदा होतोय, म्हणून निवडणुकीपर्यंत ते थांबवा असं मी ट्रम्प यांच्या लोकांना सांगितलंय. वर, पॉलिएव्ह अमेरिकेच्या नव्या दिशेशी जुळणारे आहेत, अशी पावतीही दिली.

अशा मित्राच्या शब्दापेक्षा शत्रूची शिवी परवडली.

पॉलिएव्ह यांच्या बाजूने एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी, कारण ती कुणी फारशी सांगत नाही. त्यांना ४१ टक्क्यांच्या वर मतं मिळाली. २००३ साली आजचा कॉन्झर्व्हेटिव्ह पक्ष तयार झाल्यापासून एवढी मतं त्याला कधीच मिळाली नव्हती. जागाही वाढून १४४ झाल्या. विंडसरसारख्या मोटार कारखान्यांच्या गावात, जिथे कामगारांची मतं वर्षानुवर्षं एनडीपी या डाव्या पक्षाला किंवा लिबरलांना जायची, तिथे त्यांचे उमेदवार जिंकले. टोरंटोच्या भोवतालच्या उपनगरांत त्यांनी लिबरलांच्या जागा हिसकावल्या. महाग घरं, महाग किराणा, अडलेले तरुण: हे प्रश्न पॉलिएव्ह यांनी बाकी सगळ्यांच्या आधी मांडले होते. त्यांचं निदान बरोबर होतं. रोग्याला ते आवडत नव्हते, हा प्रश्न वेगळा.

ते का आवडत नव्हते? प्रचाराच्या विमानात पत्रकारांना घेतलं नाही. पत्रकार परिषदेत मोजके प्रश्न, तेही कुणी विचारायचे ते ठरलेलं. ज्याला लोकांनी ऐकावं असं वाटतं, तो प्रश्नांना घाबरतो का?

आणि जाहीरनामा! आगाऊ मतदान १८ ते २१ एप्रिल. त्या चार दिवसांत ७३ लाख लोकांनी मत दिलं, हा विक्रम आहे. कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाने खर्चाच्या आकड्यांसह जाहीरनामा काढला २२ एप्रिलला. हिशेब दाखवायच्या आधीच ७३ लाख गिऱ्हाईकं पैसे देऊन निघून गेली होती. अर्थसंकल्प सावरायला निघालेल्या पक्षाला स्वतःचा हिशेब वेळेवर देता आला नाही.

लिबरल याच्यावर खूश होऊन हसत असतील तर त्यांनी जरा थांबावं.

त्यांनी केलं काय? शत्रू बदलला. ट्रुडो हटवले, ट्रम्प बसवले. कोपरं वर करून उभे राहा, ही हॉकीतली घोषणा उचलली. नट माईक मायर्स यांना घेऊन रिंकच्या कडेला जाहिरात केली, दोघांच्या अंगात हॉकीची जर्सी. भावना खरी होती, लोकांचा राग खरा होता, याबद्दल मला शंका नाही. पण त्या रागाच्या उबेत दहा वर्षांचा कारभार अलगद झाकला गेला.

कार्बन कराचंच घ्या. २०१९ पासून लिबरल मंत्री सांगत होते, हा हवामान धोरणाचा कणा आहे, बहुतेक कुटुंबांना भरलेल्यापेक्षा जास्त पैसे परत मिळतात, विरोध करणारे खोटं बोलतात. मग निवडणूक जवळ येताच कणा काढून कपाटात? मुद्दा खरा होता तर सोडला कशाला? खोटा होता तर सहा वर्षं लोकांना शहाणपण कशाला शिकवलं? आणि कर १ एप्रिलला बंद झाला, पण त्याच्या परताव्याचा शेवटचा हप्ता लोकांच्या खात्यात कधी जमा झाला? २२ एप्रिलपासून. मतदानाच्या सहा दिवस आधी.

हप्ता ठरलेल्या वेळापत्रकानेच आला, असं सांगतात. निवडणुकीची तारीख कुणी ठरवली, तेही सांगा.

बाकीचं धोरणही उसनंच. भांडवली नफ्यावरचा वाढीव कर ट्रुडो सरकारने आणला, कार्नींनी रद्द केला. नव्या घरावरचा जीएसटी माफ करायची कल्पना पॉलिएव्ह यांनी आधी मांडली होती. कार्नींनी ती पहिल्यांदा घर घेणाऱ्यांपुरती उचलली. मग पॉलिएव्ह यांनी मर्यादा १३ लाख डॉलरपर्यंत वाढवली. सगळ्यात खालच्या टप्प्याचा प्राप्तिकर कार्नींनी एक टक्का कमी करू म्हटलं, पॉलिएव्ह यांनी सव्वादोन. दोन पक्षांत धोरणाचा फरक शोधायला टक्केवारीचं गणित करावं लागत होतं. मग भांडणार कशावरून? माणसांवरून.

कार्नी स्वतः कोण? कॅनडाच्या मध्यवर्ती बँकेचे आणि नंतर बँक ऑफ इंग्लंडचे माजी गव्हर्नर. कॅनडातल्या पहिल्या पदावर त्यांना बसवलं ते कॉन्झर्व्हेटिव्ह पंतप्रधान स्टीफन हार्पर यांच्या सरकारने. तेच हार्पर एप्रिलमध्ये एडमंटनच्या सभेत पॉलिएव्ह यांच्यासाठी मतं मागायला उभे राहिले. दोघेही आपल्या हाताखाली काम केलेले, त्यातला हा निवडा, म्हणाले. कार्नी प्रचारात ताजे, बाहेरचे, राजकारणाशी संबंध नसलेले म्हणून उभे होते. पण २०२४ च्या सप्टेंबरपासून ते लिबरल पक्षाच्या आर्थिक सल्लागार गटाचे अध्यक्ष होते. ब्रुकफील्ड या बड्या गुंतवणूक कंपनीचे अध्यक्ष होते, आणि त्या गुंतवणुकीबद्दल पत्रकारांनी विचारलं की त्यांचा आवाज चढायचा. आपली मालमत्ता ‘ब्लाइंड ट्रस्ट’मध्ये ठेवली, हे त्यांचं उत्तर. नियमात बसतं. मतदाराला पंतप्रधानाच्या खिशाची चौकशी करायचा हक्क आहे, हेही बसतं.

मार्केटिंगपलीकडची दोन प्रकरणं तर सरळ लाजिरवाणी. मार्कम-युनियनव्हिलचे लिबरल उमेदवार पॉल चियांग यांनी, हाँगकाँग पोलिसांनी बक्षीस लावलेल्या कॉन्झर्व्हेटिव्ह इच्छुकाला चिनी वकिलातीत नेऊन द्या आणि बक्षीस घ्या, असं म्हटलं होतं. देशाच्या सार्वभौमत्वावर निवडणूक लढवणाऱ्या कार्नींनी काय केलं? आधी त्यांना पाठीशी घातलं. उमेदवारी मागे घेतली ती चियांग यांनी स्वतःच. दुसरं, कॉन्झर्व्हेटिव्हांच्या परिषदेत ट्रम्पसमर्थकांच्या धाटणीचे बिल्ले लिबरल कार्यकर्त्यांनी गुपचूप पेरले, विरोधक ट्रम्पचे चेले आहेत असं दिसावं म्हणून. ट्रम्पला विरोध करायचा आणि युक्त्या त्याच्याच वापरायच्या.

१६ एप्रिलला नेत्यांची फ्रेंच वादसभा होती. माँट्रियलच्या हॉकी संघाचा महत्त्वाचा सामना त्याच संध्याकाळी आला, म्हणून वादसभा दोन तास अलीकडे ओढली. त्याच दिवशी सकाळी ग्रीन पक्षाला, पुरेसे उमेदवार नाहीत म्हणून, बाहेर काढलं. सभेनंतरच्या प्रश्नोत्तरांत एवढा गोंधळ झाला, की दुसऱ्या दिवशीच्या इंग्रजी सभेनंतरची प्रश्नोत्तरं रद्द करावी लागली. नेते बोलले, मतदारांच्या वतीने विचारणारे गप्प बसवले गेले.

आता निकालातला एक आकडा. एनडीपीला ६.३ टक्के मतं, जागा ७. ब्लॉक केबेक्वालाही ६.३ टक्के मतं, जागा २२. ब्लॉक हा पक्ष केबेक या एकाच प्रांतात लढतो, त्याची मतं एका जागी साठतात. एनडीपीची देशभर विखुरतात. २०१५ साली ट्रुडोंनी जाहीर वचन दिलं होतं, या जुन्या पद्धतीने होणारी ही शेवटची निवडणूक. सत्ता आल्यावर २०१७ मध्ये वचन गुंडाळलं. त्यानंतर त्याच पद्धतीने ही तिसरी निवडणूक झाली. विंडसर भागातली एक जागा फेरमोजणीत ४ मतांनी गेली, केबेकमधली तेरबॉनची १ मताने, आणि ते प्रकरण कोर्टात गेलं.

एक मत! आणि कार्नींच्या सरकारला बहुमत कमी पडलं अवघ्या तीन जागांनी.

एनडीपीचा विषय निघाला म्हणून आपल्याकडे येतो. तिचे नेते जगमीत सिंग बर्नबी सेंट्रलमध्ये तिसऱ्या क्रमांकावर फेकले गेले आणि इथल्या वाहिन्यांवर फटाके फुटले. खलिस्तानचा पराभव! भारताशी पंगा घेणाऱ्याला कॅनडाने धडा शिकवला! ट्रुडोंनी राजीनामा दिला तेव्हाही हेच चाललं होतं. दिल्लीने ओटावाची विकेट घेतली म्हणे.

काय पुरावा?

सप्टेंबर २०२३ मध्ये ट्रुडोंनी संसदेत खलिस्तानवादी निज्जर यांच्या हत्येबद्दल भारतावर आरोप केला, ऑक्टोबर २०२४ मध्ये दोन्ही देशांनी एकमेकांचे सहा-सहा राजनैतिक अधिकारी हाकलले, हे सगळं खरं. भारताला राग येणं स्वाभाविक होतं. पण ट्रुडो पडले ते घरभाडं, किराणा आणि स्वपक्षाच्या बंडामुळे. सिंग पडले कारण एनडीपीच्या मतदाराने ट्रम्पची आणि पॉलिएव्ह यांची धास्ती घेऊन कार्नींना मत दिलं, आणि कारखान्यातला कामगार उलट बाजूला गेला. त्याच निवडणुकीत पंजाबी वंशाचे वीसहून जास्त खासदार निवडून आले, दोन्ही मोठ्या पक्षांतून. हा पंजाब्यांचा पराभव कुठल्या कोनातून दिसतो?

खलिस्तानवाद्यांविरुद्ध कॅनडाच्या संसदेत सातत्याने बोलणारे कोण होते, हे तरी या वाहिन्यांना ठाऊक होतं का? चंद्रा आर्य. मूळचे कर्नाटकातले, संसदेत कन्नडमधून बोललेले, २०१५ पासून ओटावातल्या नेपियनचे लिबरल खासदार. पक्षाने त्यांना नेतेपदाच्या शर्यतीतून बाद केलं, मग उमेदवारीही काढून घेतली. तीच नेपियनची जागा कार्नींना मिळाली. आपल्या वाहिन्यांचा सगळा वेळ जगमीत सिंग यांच्या पगडीवर खर्च झाला होता, आर्यांसाठी मिनिट उरलं नाही.

इथे मला खरा राग येतो. कारण या निवडणुकीत महाराष्ट्राच्या घरात थेट येणारा एक विषय होता आणि तो कुणी सांगितला नाही. विद्यार्थी.

२०२३ च्या अखेरीस कॅनडात परदेशी विद्यार्थी दहा लाखांच्या वर गेले होते. सर्वात मोठा वाटा भारतीयांचा. पंजाब, गुजरातची मुलं जास्त, पण पुणे, नाशिक, नागपूरचीही होतीच. ही मुलं एवढी आली कशी? ओंटारियोत डग फोर्ड यांच्या सरकारने २०१९ मध्ये स्थानिक विद्यार्थ्यांची फी १० टक्क्यांनी कमी करून गोठवली. मतदार खूश. कॉलेजांच्या तिजोरीत खड्डा पडला, तो भरायला परदेशी विद्यार्थी आणले, कित्येक पट फी घेऊन. ओटावातलं लिबरल सरकार परवाने देत राहिलं. गावोगावच्या एजंटांनी कमिशन घेतलं. भाडी वाढली, तळघरांत सहा-सहा मुलं राहू लागली. मग लोक चिडले.

चिडले कुणावर? मुलांवर. परवाने देणाऱ्यावर नाही, फी घेणाऱ्यावर नाही.

जानेवारी २०२४ मध्ये परवान्यांवर मर्यादा आली. खात्यात दाखवायची रक्कम दहा हजारांवरून २०,६३५ डॉलर झाली. नोव्हेंबर २०२४ मध्ये भारतीय विद्यार्थ्यांना झटपट व्हिसा देणारी योजना बंद झाली. प्रचारात पॉलिएव्ह म्हणाले, स्थलांतराची संख्या घरांच्या संख्येशी बांधा. कार्नी म्हणाले, २०२७ अखेर तात्पुरत्या रहिवाशांचं (यात विद्यार्थीही आले) प्रमाण लोकसंख्येच्या पाच टक्क्यांखाली आणू. दोघांत मतभेद नव्हता म्हणून चर्चाही झाली नाही. आणि ज्यांच्याबद्दल हे चाललं होतं, त्यांना मतच नव्हतं.

पुढे काय झालं? आल्बर्टातल्या एका खासदाराने जागा रिकामी करून दिली आणि ऑगस्टमध्ये पॉलिएव्ह ८० टक्के मतं घेऊन संसदेत परतले. कार्नींनी जूनच्या जी-७ परिषदेला नरेंद्र मोदींना बोलावलं, उच्चायुक्त पुन्हा नेमले गेले, ज्या भांडणावर आपल्या वाहिन्यांनी दीड वर्ष काढलं ते निवळू लागलं. नोव्हेंबरच्या अर्थसंकल्पात तूट निघाली ७८ अब्ज डॉलरच्या वर. जाहीरनाम्यात ती ६२ अब्ज होती. त्याच वेळी नव्या विद्यार्थ्यांचा २०२६ चा आकडाही आला: १,५५,०००. आधीच्या योजनेत तो ३,०५,९०० होता.

नेत्यांना जागा मिळाल्या, देशांना उच्चायुक्त मिळाले.

तात्पुरत्या रहिवाशांची ती पाच टक्क्यांची ओळ कार्नींच्या पक्षाच्या जाहीरनाम्यात १९ एप्रिललाच छापलेली होती. कुणीही वाचू शकत होतं. एका वाहिनीने पाच मिनिटं काढून ती मराठीत सांगितली असती, तर नाशिकच्या एखाद्या बापाने मे महिन्यात घर तारण ठेवून कर्जाच्या कागदांवर सही करण्याआधी एजंटाला दोन प्रश्न जास्त विचारले असते.